दोन सोडून तिसरी

३ मार्च

वहिनी,

तुझ्या भावाचं पत्र गेल्या आठवड्यात दुकानाच्या पत्त्यावर आलं. मजकूर छापील, खाली सही त्याची. दादाच्या सगळ्या कॅमेऱ्यांची यादी आणि किमती कळवाव्यात, महिनाअखेरीस विक्री उरकावी, पैसे तुझ्या लेकीच्या, खारूच्या नावाने भरावेत. तुझा एखादा शब्द कुठे सापडतो का म्हणून मी ते तीनदा वाचलं. 'उरकावी' हा तुझा वाटला. तू भांडी उरकायचीस, पाहुणे उरकायचीस. दादा गेल्याला दोन वर्षं झाली, त्यानंतर आलेला हा एकच शब्द, तोही तुझाच असेल असं नाही, पण मी तो ठेवून घेतला.

यादी सोबत जोडली आहे. एकतीस नग. बावीस वर्षं मी लिलावाच्या दुकानात जुन्या कॅमेऱ्यांची किंमत ठरवते आहे. परक्याच्या वस्तूवर आकडा लिहिताना माझा हात कधी थांबला नाही. ही यादी करायला मात्र मला चार दिवस लागले, कारण प्रत्येकाला घरात ठेवलेलं नाव आहे आणि नावासकट वस्तू विकायची कशी ते मला कुणी शिकवलेलं नाही. 'सासूबाई' आठवते? बटण दाबलं की आधी कुरकुर, मग काम. आणि 'घरजावई', तो लखलखीत. त्याच्या दोन्ही भिंगांचे क्रमांक लागोपाठचे आहेत, म्हणजे कारखान्यातून जोडीनेच निघालेली भिंगं, म्हणून किंमत सगळ्यांत जास्त. काम शून्य आणि दरवर्षी तेल मागतो. तूच म्हणाली होतीस, "ताई, यादीत घरजावई असंच लिहा, गिऱ्हाईक दबून चार पैसे जास्त देईल."

घ्यायला दातांचे डॉक्टर येणार आहेत. तेच, ज्यांना दादा 'दाढ' म्हणायचा. सगळे एकत्र घेतो म्हणतात. माणूस चांगला आहे, हाताळतो नीट.

एकतिसाव्या ओळीपुढे मी आकडा लिहिलेला नाही. तो टकमक आहे, दादाचा रोजचा. दोन डोळे लावून टकमक बघतो म्हणून खारूने नाव ठेवलेला. त्याचा कोपरा चेपला आहे, चामडं सुटलं आहे, बाजारात त्याला फारसं कुणी विचारणार नाही. म्हणून जागा रिकामी ठेवली. दुसरं काही कारण नाही.

खारूला सांग, आत्याने

नको. काही सांगू नकोस.

ताई

१० मार्च

वहिनी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी पोस्टमन यायच्या वेळी दुकानाच्या दारात काहीतरी पुसत उभी राहते. दाराची मूठ इतकी चकचकीत झाली आहे की मालकांनी माझं कौतुक केलं.

तुझ्या जुन्या नंबरावर आता एक बाई फार नम्रपणे सांगते की हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी तिचं सगळं ऐकून घेते.

मागच्या पत्रात मी म्हटलं की दुसरं काही कारण नाही. कारण आहे. टकमकमध्ये रोल होता. मला तो नंतर सापडला. वापरलेला, न धुतलेला, स्लाइडचा रोल. शेवटच्या दिवशी दादा खारूला घेऊन तळ्यावर गेला होता, तू डोकं दुखतंय म्हणून घरी थांबली होतीस, त्या दिवसाचा. तो माझ्या फ्रिजमध्ये एका पत्र्याच्या डबीत आहे. थंडीत फिल्म टिकते.

आता घाई का, ते सांगते. हा रोल धुणारा अख्ख्या शहरात एकच माणूस उरला आहे, काळोखमामा. तू त्यांना एकदा आपल्याकडे जेवताना पाहिलं आहेस. उजेडात डोळे बारीक करून बसले होते आणि तू विचारलंस, "यांना दिवा मालवून वाढू का?" त्यांची लॅब या एकतीस तारखेला बंद होते आहे. जागेच्या मालकाने यंत्रं उचलायला सांगितली आहेत. या जातीच्या फिल्मचं रसायन त्यांच्याकडे शेवटच्या एका खेपेपुरतं आहे. ते सांडलं की संपलं. बाहेरगावी पाठवायची सोय मी शोधली, दोन ठिकाणी विचारलं. एकाने बंद केलं म्हणून कळवलं, दुसऱ्याने कळवलंच नाही.

रोल तुझा आहे. तू 'हो' म्हण, मी धुऊन घेते. 'नको' म्हणालीस तर तसाच तुझ्याकडे पाठवते. एक शब्द लिही फक्त. सोबतच्या कोऱ्या कार्डावर लिही, त्यावर माझा पत्ता मी घातलेला आहे, तिकीट लावलं आहे, बघ.

दादाच्या कपाटात अडीच हजार स्लाइड आहेत. परवा मी व्ह्यूअर डोळ्यांना लावून त्यातल्या बऱ्याच पाहिल्या. लग्नानंतर तू पहिल्यांदा या व्ह्यूअरमधून पाहिलंस ते आठवलं. टेबलावरचा कप इतका समोर उभा राहिला की तू हात पुढे केलास. दोन भिंगं एकाच वेळी दोन फोटो काढतात, डावं भिंग डाव्या डोळ्याचं बघतं आणि उजवं उजव्याचं, बाकी सगळं आपलं डोकं करतं, असं दादा तुला समजावत होता आणि तू म्हणालीस, "ते ठीक आहे, पण कप विसळलेला नाही." अडीच हजारांत तू आहेस, खारू आहे, मी नको तितकी आहे. दादा कुठेच नाही. कॅमेऱ्यामागे असायचा ना. दोन-चार ठिकाणी त्याची सावली पडली आहे, तेवढीच.

उत्तर दे.

ताई

१६ मार्च

वहिनी,

'मला तो नंतर सापडला' हे खोटं आहे.

मी आज दुपारी दुकानातून लवकर निघाले आणि बागेतल्या बाकावर बसून हे लिहिते आहे, कारण घरी फ्रिज आहे. लिहून झालं की समोरच्या पेटीत टाकणार, पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर फाडीन.

दादा गेल्याला चौथा दिवस होता. बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली होती. तू स्वयंपाकघरात कपबश्या घासत होतीस. सगळ्या जणी राहू दे म्हणत होत्या आणि तू घासलेल्याच परत घासत होतीस. मी दादाच्या खोलीत होते. आवरते आहे असं सांगितलं होतं. मी यादी करत होते. चौथ्या दिवशी, वहिनी. त्याच्या चपला अजून दारात होत्या.

एकेक कॅमेरा उचलायचा, भिंगावर बुरशी आहे का बघायचं, पडदा उघडझाप होतो का बघायचं, मग पाठीचं झाकण उघडून आतले रूळ बघायचे. बावीस वर्षं हात तेच करतात. दुकानात माझ्या टेबलासमोर मीच एक कागद डकवला आहे, नव्या पोरींसाठी: 'आधी मूठ फिरवा, मग झाकण उघडा.' रोल गुंडाळायची मूठ फिरवून बघायची. सैल फिरली तर आत काही नाही. अडली तर रोल आहे, हात लावायचा नाही. एवढा साधा नियम. त्यावरून मी एका मुलीला रडवलं आहे.

टकमकची मूठ मी फिरवली नाही. झाकण उघडलं. आत फिल्म होती. राखाडी, चमकती, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, आणि खिडकीतलं ऊन सरळ तिच्यावर. एक, दोन म्हणेपर्यंत मी ते बंद केलं. फिल्मला एक, दोन पुरेसे असतात.

मग मी रोल आत गुंडाळून घेतला, काढला, पदरात धरला, आणि तू दारात आलीस. हात पुसत. तुझी नजर टकमकवर गेली. तू म्हणालीस, "ताई, यात रोल होता का?"

मी म्हटलं, "नाही, रिकामा होता."

"फोटोंचा आकडा एकोणीसवर आहे."

"तो अडकतो."

मग तुझ्यामागून खारू आली. चार वर्षांची. तिने सांगितलं की बाबांनी शेवटचा फोटो तिला काढायला दिला, बाबा समोर उभे राहिले आणि तिने बटण दाबलं. "मी दाबलं. टक् झालं." दोनदा सांगितलं तिने. आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "अगं राणी, आत फिल्मच नव्हती. बाबांनी तुला खेळायला दिला असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे पाहिलं. मग ती स्वतःच्या बोटाकडे बघायला लागली, ज्याने तिने दाबलं होतं.

तू महिन्याभराने घर सोडलंस. सगळ्यांनी वेगवेगळी कारणं काढली. तू जाताना मला म्हणालीस, "ताई, कॅमेऱ्याच्या यादीत तुम्ही एक ओरखडा लपवत नाही. माणसांशी तेवढं जमत नाही तुम्हाला." मी तुला तेव्हा उर्मट म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं.

तुला तेव्हाच कळलं होतं, हो ना?

ताई

२२ मार्च

वहिनी,

दाढ काल आले. तीस कॅमेरे पाहायला त्यांना पूर्ण दुपार लागली. प्रत्येक भिंग उजेडाकडे धरून, आरशाची छोटी दांडी घालून बघतात, मला वाटलं आता म्हणतील चूळ भरा. 'सासूबाई'ची कुरकुर ऐकून हसले. यादीत मी लिहिलेले सगळे दोष त्यांनी तपासून घेतले आणि म्हणाले, "तुमच्या यादीवर मी डोळे मिटून घेतो, पण सवयीने बघतो." सवय, म्हणे. मी आत जाऊन पाणी प्यायले.

मग विचारलं, "एकतिसावा?"

"तो द्यायचा नाही."

"चेपलेला आहे, मला दिसतोय इथून. तरी मी चांगली किंमत देईन. संच पुरा होईल माझा."

"तो माझा नाही, डॉक्टर."

"मग कुणाचा?"

"सहा वर्षांच्या एका मुलीचा." असं मी म्हटलं. तोपर्यंत मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. तुझ्या भावाला सांग, तीस विकले, पैसे सोमवारी भरले जातील, एकतिसावा विक्रीत नाही. त्याला राग आला तर माझा पत्ता त्याच्याकडे आहे.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते.

मी लिहिलं की हाताची सवय. अर्धं खरं आहे. सवयीचा हात आधी मूठ फिरवतो, झाकण नंतर उघडतो. त्या दिवशी मी घाईत होते. बाहेर तुझा भाऊ कुणाला तरी सांगत होता की ही अडगळ एकदा काढून टाकली म्हणजे पोरीला एक खोली होईल. 'अडगळ' मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, तुम्ही हे सगळं भंगारात द्याल. दादाची तीस वर्षं किलोवर जातील. तुम्ही हात लावायच्या आत कागदावर यादी हवी, प्रत्येकापुढे आकडा हवा, म्हणजे मग कुणाची हिंमत होणार नाही. मी तुझ्यापासून दादाचे कॅमेरे वाचवत होते, वहिनी. तू पलीकडे त्याचा कप घासत होतीस आणि मी तुझ्याविरुद्ध यादी करत होते. ते करताना मी त्याचा एकमेव फोटो उन्हात धरला.

आणि आकडा मी पाहिला होता. उघडण्याआधी. एकोणीस. या जातीच्या कॅमेऱ्यात आकडा हाताने परत शून्यावर आणावा लागतो, लोक विसरतात, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मी कुणालाही पटवू शकते. पण दादा विसरणारा नव्हता.

दोन वर्षं तो रोल लोण्याच्या डब्यामागे आहे. रोज सकाळी फ्रिज उघडते. धुवायला दिला असता तर कळलं असतं किती गेलं. मला कळून घ्यायचं नव्हतं. न धुतलेल्या रोलमध्ये सगळं शाबूत असतं.

नऊ दिवस उरले. खारूला अजून ते आठवतं का, एवढं तरी कळव. ती अजून कुणाला सांगते का, की मी दाबलं होतं? की सांगणं सोडलं तिने?

ताई

२९ मार्च

वहिनी,

दोन दिवस.

काळोखमामांकडे जाऊन आले. अर्धी लॅब खोक्यांत भरून झाली आहे. टाक्या मात्र अजून जागेवर आहेत, मामा माझ्यासाठी थांबलेत. "रसायन जुनं झालंय, रोज थोडं मरतंय," म्हणाले. "परवा दुपारी चारपर्यंत आणा, चार वाजून पाच मिनिटांनी आणलात तर त्यात मोजे धुऊन देईन."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आणि त्यांनी नको म्हटलं तर?"

"तर नाही धुवायचा."

"आणि काहीच म्हटलं नाही तर?"

मी एकदा न विचारता उघडलं आहे. आता न विचारता धुवायचा, म्हणजे पुन्हा तेच. आणि तुझ्या उत्तराची वाट बघत बसले आणि परवाचे चार वाजून गेले, तर त्याला मी काय म्हणणार, तुझा मान राखला? हे पत्र तुला वेळेत मिळणारच नाही, मला कळतं. तरी लिहिते आहे. बोलायला दुसरं कुणी नाही. होतं ते सगळं दादाच्या घरात होतं.

तुला हात जोडते. माझ्यासाठी नको.

ताई

३१ मार्च

वहिनी,

या पत्रासोबत डबी आहे. आधी पत्र वाच, मग उघड. टकमकही त्याच खोक्यात आहे, आणि दादाचा व्ह्यूअर.

पावणेचारला मी लॅबमध्ये पोचले. मामा पुढच्या खोलीत एकुलत्या एका खुर्चीवर बसले होते.

"आली परवानगी?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही काय केलं असतं मामा?"

"मी चाळीस वर्षं लोकांचे रोल न विचारता बघत आलोय बाई. लग्नं पाहिली, बारशी पाहिली, नको तेही पाहिलं. मला कशाला विचारता?"

मी डबी त्यांच्या हातात दिली. "धुवा. कापू नका. आणि मला दाखवू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे सुकली की गुंडाळा, डबीत घाला, झाकण लावा. वर पत्ता मी घालीन."

ते डबी घेऊन आत गेले. दार लागलं, वरचा लाल दिवा लागला. मी खोक्यावर बसले. आत पाण्याचा आवाज येत होता, मधूनमधून घड्याळाची घंटा. माझं सगळं आयुष्य वस्तू उघडून आत बघण्यात गेलं. बाहेर बसून राहणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.

फार वेळाने ते बाहेर आले. "सांगायचं तेवढं सांगतो, ते माझं काम आहे. एकोणीस जोड्या आहेत. बहुतेक चांगल्या. शेवटच्या काहींच्या कडांना उजेड लागलाय, नारिंगी झाल्यात. शेवटच्या जोडीतली एक चौकट कोरी पांढरी, काही म्हणजे काही उरलेलं नाही. दुसरी वाचलीय."

मी म्हटलं, "कशी वाचेल? दोन्ही भिंगांसमोर होत्या, दोन्हींवर ऊन पडलं असणार."

"फोटो काढल्यावर कुणीतरी लगेच चावी फिरवून ठेवली होती. दोन घरं पुढे सरकली पट्टी. एक बिचारी मध्ये उघड्यावर राहिली, दुसरी गुंडाळीवर चढली, आतल्या अंगाला. भिंतीकडे तोंड करून."

फोटो झाला की लगेच चावी फिरवायची. दादाची सवय. तू चिडवायचीस, कॅमेऱ्याला काय घास भरवता का म्हणून. खारूच्या हातून कॅमेरा घेतला असेल आणि आधी चावी फिरवली असेल.

"काय आहे त्यात, सांगू?" मामांनी विचारलं.

"नको."

"एवढं तरी ऐका. बाकीच्या सगळ्या चौकटी कशा सरळ आहेत, पाण्याच्या पातळीत. ही एकच तिरकी आहे. धरणाऱ्याला कॅमेरा जड झाला असावा."

मी त्यांना पैसे द्यायचे विसरले, त्यांनीही मागितले नाहीत. रस्त्यावर आल्यावर आठवलं आणि परत गेले, तर ते रसायन मोरीत ओतत होते.

तेव्हा हे असं आहे, वहिनी. रोल मी तुला न विचारता धुवून घेतला. पाहिलेला नाही. तुला पाहायचा नसेल तर तसाच ठेव, तो तुझा हक्क. पण एक गोष्ट मात्र तू माझ्यासाठी कर, खारूला सांग की तिने दाबलं होतं. आत फिल्म होती. टक् झालं होतं. आत्या खोटं बोलली, ती खरं बोलत होती. माझं नाव घेऊनच सांग, मोघम सांगू नकोस.

पाहणार असशील तर कसं पाहायचं ते लिहिते. पट्टी लांब आहे, टेबल कोरडं पुसून घे. बोटं कडांनाच लाव. फोटोंच्या जोड्या शेजारी-शेजारी नसतात. दोन भिंगांमध्ये अंतर असतं, म्हणून एका चौकटीची जोडीदार मधल्या दोन सोडून तिसरी. त्या मधल्या दोन दुसऱ्यांच्या. जोडी सापडली की एक चौकट व्ह्यूअरच्या डाव्या खिडकीत, एक उजव्या खिडकीत. डावं-उजवं चुकलं तर जवळचं लांब जातं आणि लांबचं जवळ येतं, नाक डोक्याच्या मागे जाईल. घाबरू नकोस. अदलाबदल केली की सगळं जागेवर येतं.

शेवटच्या जोडीला ते जमणार नाही. एका डोळ्याला दिसेल, दुसऱ्याला नुसता पांढरा उजेड. दादा सपाट दिसेल, साध्या फोटोसारखा. हात पुढे करावासा वाटणार नाही. ती पांढरी चौकट माझी आहे, तिचं काय करायचं ते सांगायला मला तोंड नाही.

ताई

१९ एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. मी तिकीट लावून पाठवलं होतं तेच. अक्षर तुझं, शाई जांभळी, खारूचीच असणार.

'खारू विचारते, दोन सोडायच्या त्या डावीकडून की उजवीकडून?'

बाकी कार्ड कोरं आहे. मी दोन्ही बाजू पाहिल्या.

तिचा प्रश्न बरोबर आहे. माझंच लिहायचं राहिलं. तिला सांग, आधी पट्टीचं सुरुवातीचं टोक शोधायचं. तिथे पहिला फोटो असतो, मग एक काळी चौकट, मग पुढे सगळे फोटो. त्या पहिल्या फोटोपासून मोजायचं, मधल्या दोन सोडून तिसरी ही त्याची. मग एक घर सोडून पुढचा फोटो घ्यायचा, पुन्हा दोन सोडून तिसरी. पण तिला शेवटापासूनच सुरू करायचं असणार. तसं असेल तर दुसऱ्या टोकाकडून मोजा. शेवटची चौकट पांढरी आहे, तिच्यापासून उलटं, मधल्या दोन सोडून तिसरी. ती तिरकी. ती तिची.

साध्या कात्रीने कापू नका. कडा कुरतडतात आणि एक चौकट चुकली की दोन जोड्या जातात. दादाची कापायची कातर आहे, दाते असलेली, पट्टी तिच्यात बरोबर बसते. ती माझ्याकडेच राहिली. मी तिला परवा धार लावून आणली.

पोस्टाने पाठवू, की घेऊन येऊ? तू म्हणशील तसं करीन. विचारते आहे.

ताई